अँटिव्हायरस गेला, नोंदी उरल्या: रजिस्ट्रीतल्या अनोळखी नोंदींचा तपास कसा करायचा

माझ्या मामांचं इचलकरंजीत सुताचं दुकान आहे. मार्चअखेरीला, हिशेब मिटवायच्या गडबडीत, दुकानातल्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड एका सकाळी चालेनासा झाला. कामावरचा मुलगा पळत जाऊन नवा यूएसबी कीबोर्ड घेऊन आला. तोही चालेना. माऊस मात्र नीट फिरत होता. मी पोचल्यावर पहिलं विचारलं, ‘‘मामा, काल याच्यावर काय केलंत?’’ तेव्हा कळलं, की मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाकला होता, आणि फोनवर कुणीतरी सांगितलं म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज लिहून ठेवतात त्या नोंदवहीत, त्या कंपनीचं नाव शोधून जे जे सापडलं ते सगळं पुसलं होतं.

पुसलेल्यात एक नोंद कीबोर्डाच्या ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांना जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, होती. बँकेचा पासवर्ड टाइप करताना तो मध्येच कुणी वाचू नये, म्हणून काही अँटिव्हायरस कीबोर्ड आणि विंडोज यांच्यामध्ये आपला एक पहारेकरी बसवतात. या पहारेकऱ्याची नोंद दोन ठिकाणी असते. एक त्याची स्वतःची, जिथे तो कोण आणि त्याची फाईल कुठे हे लिहिलेलं असतं. दुसरी कीबोर्डाच्या यादीत, जिथे फक्त त्याचं आखूड नाव असतं, कंपनीचं नाही. मामांकडे कंपनीच्या नावाने शोध घेतला गेला, त्यामुळे पहिली नोंद सापडली आणि पुसली गेली, दुसरी तशीच राहिली. विंडोज सुरू होताना यादी वाचतं, नाव पुकारतं, माणूस सापडत नाही, आणि मग कीबोर्डच सुरू करत नाही. ती यादी एका कीबोर्डाची नसून सगळ्या कीबोर्डांची मिळून एक असते, म्हणून नवा आणूनही उपयोग झाला नाही.

तो कीबोर्ड परत कसा चालू केला ते पुढे सांगते. हा लेख रजिस्ट्री पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी आहे. विचित्र नाव दिसलं की लगेच पुसायचं ही सवय सुरुवातीलाच मोडावी, असं मला मनापासून वाटतं. नोंद कुणाची आहे आणि तिच्यावर अजून काही चालतंय का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत हात लावायचा नाही.

रजिस्ट्रीची ओळख, कामापुरती

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, रेजएडिट असं टाइप करा, एंटर दाबा. (पडद्यावर ही सगळी नावं इंग्रजी अक्षरांत दिसतील, मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.) डावीकडे फोल्डरसारखं जे दिसतं त्याला ‘की’ म्हणतात. मराठी वाक्यात हा शब्द गोंधळ घालतो, म्हणून मी त्याला कप्पा म्हणणार आहे. उजवीकडे त्या कप्प्यातल्या नोंदी दिसतात.

आपल्या कामाचा मुख्य कप्पा म्हणजे एचकी लोकल मशीन. अँटिव्हायरस संपूर्ण मशीनसाठी बसतो, त्यामुळे त्याचा बहुतेक पसारा इथेच असतो. त्याच्या आत सॉफ्टवेअर आणि सिस्टम असे दोन कप्पे आहेत, आणि त्या दोघांतला फरक नीट समजून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्ज, परवान्याची माहिती, आवृत्तीचा क्रमांक असं असतं. अँटिव्हायरस गेल्यावर हे बहुधा नुसतं पडून राहतं, ते वाचायलाच कुणी उरलेलं नसतं. सिस्टममध्ये ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) यांच्या नोंदी असतात. तो भाग विंडोज दर वेळी सुरू होताना वाचतं. सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर बहुधा एखादा प्रोग्राम रुसेल. सिस्टममध्ये झाली तर मशीनच उठेनासं होऊ शकतं.

शोध घेताना एकच नोंद दोनदा-तीनदा सापडली तर घाबरू नका. एचकी क्लासेस रूट हा वेगळा कप्पा नाहीच, तो लोकल मशीन आणि करंट यूजर यांतल्या क्लासेसचा एकत्र देखावा आहे. तसंच सिस्टममधला करंट कंट्रोल सेट हा बहुधा कंट्रोलसेट००१ याच कप्प्याकडे बोट दाखवतो. एका ठिकाणी पुसलं की दुसऱ्या ठिकाणचंही जातं, कारण मुळात ते एकच असतं. आणि वाऊ६४३२नोड हे नाव कितीही चमत्कारिक वाटलं तरी ते विंडोजचं स्वतःचं आहे: ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्राम आपल्या नोंदी तिथे ठेवतात.

मुळात इतकं मागे का राहतं? सहज पुसला जाऊ नये अशाच बेताने अँटिव्हायरस बनवलेला असतो. व्हायरसने आपल्याला काढू नये म्हणून तो स्वतःच्या कप्प्यांना कुलपं लावतो, ड्रायव्हर अगदी आधी सुरू करतो, चालू असताना फाईल हलवू देत नाही. काढताना हीच कुलपं त्याच्याही आड येतात, आणि उरलेलं काम ‘रीस्टार्ट केल्यावर’ यावर ढकललं जातं. घरी आपण रीस्टार्ट न करता झाकण मिटतो. परवान्याची माहिती तर पुष्कळदा मुद्दामच ठेवली जाते, पुन्हा बसवला तर मुदत आठवावी म्हणून.

पायरी १: काहीही करण्याआधी

आधी रिस्टोर पॉइंट, म्हणजे गडबड झाली तर परत जाता येईल असा विंडोजचा आत्ताचा जपून ठेवलेला टप्पा, बनवा. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधलं की ती खिडकी उघडते. बऱ्याच विंडोज १० आणि ११ मशीनवर सी ड्राइव्हचं संरक्षण बंदच असतं, ते तिथेच चालू करून घ्या.

मग ज्या कप्प्याचा संशय आहे त्यावर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट. ही फाईल परत आत घेतली की जुन्या नोंदी परत येतात. पण मधल्या काळात नव्या पडलेल्या नोंदी त्यामुळे जात नाहीत, कारण आयात म्हणजे जुन्यात मिसळणं असतं, जुनं काढून नवं ठेवणं नसतं. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. खरा परतीचा रस्ता रिस्टोर पॉइंटचाच.

पायरी २: तारीख काढा

मला या तपासात सगळ्यात जास्त उपयोग याच युक्तीचा झाला आहे. प्रत्येक कप्प्यावर शेवटचा बदल कधी झाला याची वेळ विंडोज लिहून ठेवतं, पण रेजएडिटमध्ये ती कुठेच दिसत नाही. ती बघायची तर एक्स्पोर्ट करताना खाली फाईलचा प्रकार बदला आणि ‘टेक्स्ट फाईल्स’ निवडा. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडली की प्रत्येक कप्प्याच्या नावाखाली ‘लास्ट राइट टाइम’ अशी ओळ दिसते.

आता ती तारीख आपल्या आठवणीशी ताडून बघा. अँटिव्हायरस कधी घेतला याची पावती असते, काढला कधी ते साधारण आठवतं. कप्प्याची तारीख त्या दिवसाशी जुळली तर निम्मा तपास झाला. अँटिव्हायरस दिवाळीत काढला आणि त्याच्या नावाच्या कप्प्यात परवा रात्री बदल झालेला असेल, तर काहीतरी अजून जिवंत आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. विंडोजची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा जुने कप्पे नव्या घरात हलवले जातात, आणि शेकडो कप्प्यांवर त्या एकाच दिवसाची तारीख पडते. अशी सारखीच तारीख सगळीकडे दिसली तर ती पुरावा म्हणून धरू नका.

पायरी ३: नाव वाचायला शिका

सिस्टम → करंट कंट्रोल सेट → सर्व्हिसेस हा कप्पा उघडलात की शेकडो नावं समोर येतात आणि डोळे फिरतात. पण ड्रायव्हरची नावं वाटतात तितकी अगम्य नसतात. बहुतेक कंपन्या आपल्या नावाची दोन-तीन अक्षरं पुढे लावतात, आणि कधी कधी ती अक्षरं कंपनीच्या जुन्या नावाची असतात.

अवास्टचे ड्रायव्हर ‘एएसडब्ल्यू’ने सुरू होतात. अवास्ट या नावात ही अक्षरं अशी ओळीने कुठेच नाहीत. पण १९८८ मध्ये प्रागमध्ये सुरू झालेली ही कंपनी २०१० पर्यंत अल्विल सॉफ्टवेअर या नावाने चालत होती, हे कळलं की कोडं सुटतं. कॅस्परस्कीचे ड्रायव्हर ‘केएल’ने सुरू होतात, म्हणजे कॅस्परस्की लॅब. मॅकाफीचे ‘एमएफई’, मालवेअरबाइट्सचे ‘एमबीएएम’. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचे ‘डब्ल्यूडी’: डब्ल्यूडीफिल्टर, डब्ल्यूडीबूट. आपल्याकडे घरोघरी आणि सायबर कॅफेत दिसणारा पुण्याचा क्विक हील ‘कॅटफ्लट’ नावाचा ड्रायव्हर ठेवतो. कैलास आणि संजय काटकर यांच्या या कंपनीचं आधीचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, एवढं लक्षात ठेवलं की हे नाव परत बिचकवत नाही. शेवटी ‘एफएलटी’ असेल तर तो फिल्टर, म्हणजे वाटेत उभा राहून तपासणारा ड्रायव्हर.

नावावर पूर्ण विसंबू मात्र नका. ‘एव्हीजीएनटीफ्लट’ बघून शंभरातले नव्वद जण एव्हीजी म्हणतील. तो अविराचा आहे. अविराच्या अँटिव्हिर गार्डची ती आद्याक्षरं. मी स्वतः एकदा एव्हीजीचं काढण्याचं साधन चालवून हा ड्रायव्हर का जात नाही म्हणून तासभर बसले होते.

आणि काही नावं खरोखरच अक्षरांची आणि आकड्यांची भेळ असतात. तीही दर वेळी व्हायरसची नसतात. रूटकिट, म्हणजे मशीनमध्ये लपून राहणारे प्रोग्राम, शोधणारी साधनं स्वतःला लपवण्यासाठी दर वेळी नवं नाव घेतात, कारण ओळखीचं नाव दिसलं की व्हायरस त्यांना सुरूच होऊ देत नाही. सिसइंटर्नल्स या विंडोजसाठीच्या साधनांच्या संचातलं रूटकिट रिव्हीलर असंच चालायचं: स्वतःची एक प्रत, यादृच्छिक नाव, आणि त्या नावाने सर्व्हिस. सिसइंटर्नल्सचे सहसंस्थापक मार्क रुसिनोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतून येणारा लपलेला रूटकिट याच साधनाने पकडला होता. म्हणजे नाव विचित्र असणं हा गुन्हा नाही, पुढे तपासायचं कारण आहे.

पायरी ४: फाईलपर्यंत जा, सही बघा

सर्व्हिसेसमधल्या कप्प्यावर क्लिक केलं की उजवीकडे ‘इमेजपाथ’ अशी नोंद दिसते. तिच्यात फाईलचा पत्ता असतो. पत्त्याच्या सुरुवातीला दोन प्रश्नचिन्हं दिसली तर दचकू नका. विंडोजच्या गाभ्यात पत्ता लिहायची ती एक पद्धत आहे. इमेजपाथ नसेलच, तर सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये त्याच नावाची सिस फाईल शोधा, विंडोजही तेच करतं.

फाईल सापडली तर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → डिजिटल सिग्नेचर्स. तिथे फाईलवर सही करणाऱ्या, म्हणजे ती आपलीच आहे असं सांगणाऱ्या, कंपनीचं नाव येतं, आणि ‘डिटेल्स’ दाबल्यावर सही ठीक आहे की नाही ते कळतं. हा टॅबच नसेल तर लगेच संशय घेऊ नका. विंडोजच्या स्वतःच्या कित्येक फाईलींची सही फाईलमध्ये नसते, वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते.

यासाठीच ऑटोरन्स हे साधन वापरा. तेही सिसइंटर्नल्सचं, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळतं, बसवावं लागत नाही. उघडल्यावर ऑप्शन्समध्ये सही तपासायला सांगा आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. कॅटलॉगमधल्या सह्याही ते तपासतं. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाईल नाही. काढून टाकलेल्या अँटिव्हायरसची उरलेली नोंद बहुधा अशीच दिसते. गुलाबी ओळ म्हणजे फाईल आहे पण सहीचा पत्ता नाही. माझा वेळ जातो तो गुलाबी ओळींवर. पिवळी ओळ अडगळ असते, गुलाबी ओळीमागे कुणीतरी असू शकतं.

गुलाबी फाईलचा हॅश, म्हणजे बोटांचा ठसा, काढून तो व्हायरसटोटल या, अनेक अँटिव्हायरसचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या साइटवर शोधा. नुसता हॅश टाकून शोधता येतं, फाईल वर चढवायची गरज नसते. ऑफिसच्या मशीनवरची फाईल तर चढवूच नका. ती इतरांच्या हाती लागू शकते.

पायरी ५: जिवंत आहे का?

त्याच कप्प्यात ‘स्टार्ट’ नावाची नोंद असते. ० म्हणजे विंडोजचा गाभा वर येतानाच, १ म्हणजे त्याच्या लगेच मागोमाग, २ म्हणजे आपोआप, ३ म्हणजे कुणी हाक मारली तर, आणि ४ म्हणजे बंद. अँटिव्हायरसच्या उरलेल्या कप्प्यात ० किंवा १ असेल तर त्याच्याकडे आधी लक्ष द्या. शेजारीच ‘एररकंट्रोल’ बघा. तिथे १ असेल तर ड्रायव्हर सापडला नाही तरी विंडोज कुरकुर करून पुढे जातं. ३ असेल तर सुरू व्हायलाच नकार देऊ शकतं.

आता कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफएलटीएमसी एवढंच टाइप करा. या घडीला फाईलींच्या वाटेवर उभे असलेले सगळे फिल्टर समोर येतात, प्रत्येकाच्या पुढे ‘अल्टिट्यूड’ म्हणजे उंचीचा आकडा. मायक्रोसॉफ्टने ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा अँटिव्हायरसवाल्यांना दिला आहे. डिफेंडरचा फिल्टर ३२८०१० वर दिसेल. त्या पट्ट्यात डिफेंडरशिवाय अजून कुणी असेल, आणि तुमच्या मते मशीनवर दुसरा अँटिव्हायरस नसेल, तर तो गेलेला नाही. कंट्रोल पॅनेलमधून नाव गेलं असेल, पहारेकरी उभाच आहे.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधल्या घडामोडींची नोंद दाखवणारा प्रोग्राम, उघडून त्यातही एक नजर टाका. विंडोज लॉग्ज → सिस्टम इथे ७०२६ क्रमांकाची नोंद कोणते ड्रायव्हर सुरू होताना चढलेच नाहीत ते नावानिशी सांगते. ७००० क्रमांकाच्या नोंदीत फाईल सापडली नाही असं लिहिलेलं असेल, तर तीही तशीच खूण.

पायरी ६: कोणत्या उरल्यासुरल्या नोंदी खरंच त्रास देतात

मेलेल्या नोंदींपैकी बहुतेकांना आहे तिथे राहू द्या. सॉफ्टवेअरखाली कंपनीच्या नावाचा कप्पा उरला म्हणून कॉम्प्युटर हळू होत नाही. रजिस्ट्री साफ करून वेग वाढवून देणाऱ्या प्रोग्रामांचा मला मनस्वी राग आहे. मायक्रोसॉफ्टसुद्धा अशा क्लीनरना पाठिंबा देत नाही. पण काही जागा अशा आहेत जिथे मेलेली नोंदही बोचते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे फिल्टरच्या याद्या. सिस्टम → करंट कंट्रोल सेट → कंट्रोल → क्लास या कप्प्यात महिरपी कंसातली लांबलचक नावं आहेत. ४डी३६ई९६बी ने सुरू होणारा कप्पा कीबोर्डांचा. त्यात ‘अपरफिल्टर्स’ नावाची नोंद आहे आणि तिच्यात एकेका ओळीवर एकेक ड्रायव्हर. मामांच्या मशीनवर लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडला, माऊसने एकेक अक्षर दाबून पासवर्ड घातला, तसंच रेजएडिट उघडलं. अपरफिल्टर्समध्ये दोन ओळी होत्या. एक त्या अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरची, आणि दुसरी केबीडीक्लास. पहिली ओळ काढली, केबीडीक्लास जशीच्या तशी ठेवली, रीस्टार्ट केलं, आणि कीबोर्ड चालू झाला. केबीडीक्लास विंडोजचा स्वतःचा आहे. पूर्ण नोंदच पुसली असती तर तोही गेला असता आणि कीबोर्ड तसाच मेलेला राहिला असता. क्रम लक्षात ठेवा: आधी यादीतलं नाव काढायचं, मग ड्रायव्हरची नोंद.

डिस्क आणि व्हॉल्यूम यांच्याही अशाच याद्या असतात. तिथे चूक झाली तर निळा पडदा येतो आणि बूट ड्राइव्ह सापडत नाही असं म्हणतो. नवख्याने त्या याद्या वाचाव्यात, बदलू नयेत.

दुसरी जागा सिक्युरिटी सेंटर, म्हणजे मशीनवर कोणता अँटिव्हायरस पहारा देतोय याची विंडोजकडची नोंद. गेलेल्या अँटिव्हायरसचं नाव तिथे राहिलं तर विंडोजला वाटतं की पहारा आहे, आणि डिफेंडर मागे सरकून बसतो. मशीन उघडं पडतं आणि मालकाला पत्ता नसतो. विंडोज सिक्युरिटी उघडा, सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ बघा. जुनं नाव दिसलं तर रजिस्ट्रीत जाऊ नका, थेट पुढच्या पायरीवरचं कंपनीचं साधन चालवा.

तिसरी, नेटवर्क. अँटिव्हायरस गेल्यावर वायफाय जोडलेलं दिसतं पण पान उघडत नाही, अशी तक्रार आली की अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीज उघडते. तिथल्या यादीत जुन्या कंपनीचा फिल्टर टिक लावून बसलेला असतो. तिथूनच अनइन्स्टॉल होतो.

चौथी, सेशन मॅनेजरमधल्या दोन नोंदी. ‘बूटएक्झिक्यूट’मध्ये साधारणपणे ऑटोचेक ऑटोसीएचके असं असतं, काही अँटिव्हायरस विंडोज उठण्याआधी स्कॅन करण्यासाठी आपली ओळ तिथे जोडतात. ‘पेंडिंगफाईलरिनेमऑपरेशन्स’ म्हणजे रीस्टार्ट होताना पुसायच्या किंवा नाव बदलायच्या फाईलींची यादी. नवा अँटिव्हायरस सारखा ‘आधी रीस्टार्ट करा’ म्हणत असेल तर कारण इथे सापडतं.

पायरी ७: काढायचंच ठरलं तर

हाताने नाही, कंपनीच्या साधनाने. बहुतेक मोठ्या कंपन्यांची काढण्याची वेगळी साधनं असतात: अवास्ट क्लियर, कॅस्परस्कीचं केएव्हीरिमूव्हर, मॅकाफीचं एमसीपीआर, ईसेटचं अनइन्स्टॉलर. ती त्या त्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या आणि शक्यतो सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांनिशी सुरू होतं त्या अवस्थेत, चालवा. तिथे अँटिव्हायरसचे बहुतेक ड्रायव्हर चढत नाहीत, त्यामुळे कुलपंही उघडी असतात. साधन चालेना, तर तोच अँटिव्हायरस पुन्हा बसवून नीट काढणं हा उपाय मी कितीदा तरी वापरला आहे. वेळखाऊ वाटतो, पण अर्धवट तुटलेला अनइन्स्टॉलर पुन्हा पूर्ण होतो आणि आपल्या वस्तू स्वतः गोळा करून नेतो.

एवढ्यानेही सर्व्हिसेसमध्ये एखादी पिवळी नोंद राहिली, ती कोणत्याही फिल्टरच्या यादीत नाही याची खात्री झाली, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एससी डिलीट आणि पुढे सर्व्हिसचं नाव. रेजएडिटमध्ये कप्पा पुसण्यापेक्षा हे बरं, कारण सर्व्हिस चालू असेल तर विंडोज तिच्यावर काढायची खूण करून ठेवतं आणि ती बंद झाल्यावर काढतं.

एखादा कप्पा उघडतच नाही, ‘उघडताना चूक झाली’ म्हणतो. त्याची दोन कारणं मी बघितली आहेत. एक, अँटिव्हायरसने परवानगीचं कुलूप लावलंय. ते सेफ मोडमध्ये कंपनीच्या साधनाने सुटतं. कप्प्याचा मालक बदलून कुलूप तोडायच्या युक्त्या सगळे सांगतात, पण चालू असलेल्या अँटिव्हायरसवर ती जबरदस्ती करू नका. दुसरं कारण दुर्मीळ आहे: कप्प्याच्या नावात शून्य अक्षर घुसवलेलं असतं, आणि रेजएडिटला अशी नावं वाचताच येत नाहीत. त्यासाठी सिसइंटर्नल्सचं रेजडेलनल आहे. अशी नोंद दिसली की मात्र आधी पूर्ण स्कॅन करा.

अँटिव्हायरसच्या नावाने वावरणारे चोर

काही नोंदी अँटिव्हायरसने नाही, अँटिव्हायरसला गप्प बसवायला कुणी दुसऱ्यानेच ठेवलेल्या असतात. इथे मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं.

सॉफ्टवेअर → पॉलिसीज → मायक्रोसॉफ्ट → विंडोज डिफेंडर इथे ‘डिसेबलअँटिस्पायवेअर’ ही नोंद १ असेल, तर ती कुणी लिहिली हे शोधा. जुने अँटिव्हायरस, ऑफिसचे अ‍ॅडमिन आणि व्हायरस, तिघेही ती लिहायचे. ऑगस्ट २०२० पासून घरगुती मशीनवरचा डिफेंडर ती मानतच नाही, तरी तिची तारीख बघाच. ऑफिसच्या मशीनवर पॉलिसीजला हात लावू नका, त्या सर्व्हरवरून येतात.

डिफेंडरच्या ‘एक्सक्लुजन्स’मध्ये कोणते फोल्डर तपासणीतून वगळले आहेत ते दिसतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर असेल तर बसवणाऱ्याने टाकला असेल. पण सगळा सी ड्राइव्ह, टेम्प फोल्डर किंवा अ‍ॅपडेटा वगळलेला असेल, तर कुणीतरी आपली लपायची जागा मोकळी करून घेतली आहे. हे काढायचं ते विंडोज सिक्युरिटीतून, आणि लगेच ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी.

‘इमेज फाईल एक्झिक्यूशन ऑप्शन्स’ हा कप्पा विंडोजचा आहे आणि त्यात बरीच नावं मुळातच असतात. पण तिथे अँटिव्हायरसच्या एखाद्या फाईलचं नाव असेल आणि आत ‘डीबगर’ नावाची नोंद असेल, तर तो अँटिव्हायरस कधीच सुरू होऊ नये याची सोय केलेली आहे. तीच गोष्ट करंट यूजरमधल्या ‘डिसअलाऊरन’ यादीची.

एक खरी अनोळखी नोंद

शेवटी एका नोंदीचा तपास दाखवते. ती अजूनही जुन्या मशीनवर सापडते, आणि लोक मला तिचा फोटो पाठवतात. सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंट व्हर्जन → क्वालिटीकॉम्पॅट. आत एकच नोंद, सीएडीसीए५एफई ने सुरू होणारं लांब नाव, आणि किंमत नुसती ०. ना फाईल, ना पत्ता, ना कंपनीचं नाव. बघताक्षणी व्हायरसच वाटतो.

टेक्स्टमध्ये एक्स्पोर्ट केलं तर तारीख पुष्कळदा जानेवारी २०१८ च्या आसपासची निघते, आणि तिथेच उलगडा आहे. त्या महिन्यात मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या उणिवांवर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती आणली. काही अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्याच्या मेमरीत नको तसा हात घालत होते, त्यामुळे दुरुस्तीनंतर निळा पडदा यायची भीती होती. म्हणून मायक्रोसॉफ्टने अट घातली: आपला अँटिव्हायरस नव्या दुरुस्तीशी जुळतो अशी ज्या कंपनीची खात्री असेल तिने ही नोंद लिहावी, आणि ती नसेल तर त्या मशीनला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. विंडोज १० साठी ही अट मार्च २०१८ मध्ये उठली. नोंद मात्र तिथेच राहिली, ती पुसण्याचं काम कुणाचंच नव्हतं. तिला राहू द्या.

काढायचं ते काढून झालं की मशीन दोनदा रीस्टार्ट करा, एकदा नाही, कारण पहिल्या वेळी उरलेल्या फाईली पुसल्या जातात आणि दुसऱ्या वेळी विंडोज त्यांच्याविना उठतं. मग एफएलटीएमसी पुन्हा चालवा, सिस्टम लॉगमध्ये आजच्या तारखेची ७०२६ आहे का बघा, आणि डिफेंडर चालू झालाय याची खात्री करा. एक्स्पोर्ट केलेल्या फाईली पेन ड्राइव्हवर महिनाभर तरी ठेवा. प्रिंटर, बँकेचं डिजिटल सहीचं टोकन, स्कॅनर अशा रोज न लागणाऱ्या वस्तू एकदा जोडून बघितल्याशिवाय त्या पुसू नका.